जायफळ, डिकॉक्शन आणि रम

मराठी घरातल्या कॉफीला दाक्षिणात्य माणूस कॉफी म्हणायला तयार होत नाही. दूध भरपूर, साखर सढळ, पूड जेमतेम चमचाभर, सगळं एकत्र उकळायचं आणि वरून जायफळ किसायचं. गणपतीतलं रात्रीचं भजन असो की लग्नघरातली उशिरा उठलेली पंगत, ही कॉफी ठरलेली. चिकमगळूरचा मळेवाला ती पाहून कपाळाला हात लावील. पण एखाद्या मुरलेल्या बारमनला ती दाखवा, त्याला त्यात गैर काही दिसणार नाही. ब्रँडी अलेक्झांडर नावाच्या कॉकटेलमध्ये ब्रँडी, कोकोचं लिकर आणि क्रीम असतं, आणि वर किसलेलं जायफळच भुरभुरतात. मिल्क पंचचंही तेच. मद्य, दूध आणि जायफळ ही संगत तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. म्हणजे कॉफीचं कॉकटेल घरी करायचं ठरवलं तर आपण जायफळापर्यंत आधीच पोचलेलो असतो. अडतं ते डिकॉक्शनपाशी.

हे प्रकरण दिल्लीतल्या मराठी घरांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे, आणि त्याला कारण कोपर्निकस मार्ग. मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता. इथला मराठी माणूस या रस्त्यावर दोन निमित्तांनी येतो. एक, जुन्या महाराष्ट्र सदनात गावाकडचं कुणीतरी उतरलेलं असतं. (नवं सदन कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली झालं, पण जुन्या सदनाची सवय सुटलेली नाही.) दोन, कमानी किंवा एलटीजी सभागृहात नाटक किंवा मैफल असते. जानेवारीत रात्री साडेनऊला प्रयोग सुटतो, बाहेर पारा पाच-सहा अंशांवर आलेला असतो, बोलायचं तर बरंच राहिलेलं असतं, आणि चारसहा जण कुणाच्या तरी घरी जातात. चहाची वेळ टळलेली, जेवण अजून गरम व्हायचं. कॉफीचं कॉकटेल नेमकं या वेळेचं पेय आहे.

दिल्लीला कॉफी नवी नाही. मुंबईत १९३६ साली पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. पुढे कॉफी बोर्डाने ही कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून १९५७ पासून ती स्वतः चालवायला घेतली. दिल्लीत कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाऊस आणीबाणीत जमीनदोस्त झालं. आजचं इंडियन कॉफी हाऊस बाबा खडकसिंग मार्गावर मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर आहे, आणि महाराष्ट्र परिचय केंद्रही त्याच रस्त्यावर. तिथली कॉफी चांगली की गप्पा चांगल्या, हा वाद मी इथे उकरत नाही.

आता डिकॉक्शन. कॉफी-कॉकटेलची बहुतेक पुस्तकं पहिल्याच ओळीत एस्प्रेसो मशीन मागतात आणि वाचक तिथेच पान उलटतो. याचं मूळ एका विशिष्ट पेयात आहे. १९८०च्या दशकात लंडनमधल्या सोहो ब्रासरीत डिक ब्रॅडसेल नावाचा बारमन काम करत होता. त्याच्या जागेला लागूनच कॉफीचं यंत्र होतं आणि कॉफीची पूड सगळीकडे सांडलेली असायची. झटकन जाग आणील आणि मग चढेलही असं काहीतरी दे, असं एका तरुणीने त्याला सांगितलं. त्याने व्होडका, कॉफी लिकर, साखरेचा पाक आणि ताजी एस्प्रेसो बर्फावर हलवून दिली. आधी तिला व्होडका एस्प्रेसो म्हणत. जगभर गाजली ती एस्प्रेसो मार्टिनी या नावाने. ब्रॅडसेल २०१६ साली गेला. हाताशी एस्प्रेसोचं यंत्र होतं म्हणून त्याने एस्प्रेसो वापरली, एवढीच ती गोष्ट. तो चेन्नईत असता तर त्याने पितळी फिल्टर वापरला असता.

कॉकटेलला लागते ती घट्ट, कडक, थोडक्या पाण्यातली कॉफी. मद्य आणि वितळता बर्फ दोघे मिळून तिला पातळ करणार असतात, म्हणून ती सुरुवातीला गरजेपेक्षा गडदच हवी. दक्षिणी फिल्टरमधलं पहिलं डिकॉक्शन हे काम चोख करतं. वरच्या भांड्यात २५ ग्रॅम पूड घाला, चकती हलकेच दाबून बसवा आणि नुकतं उकळलेलं १२० मिली पाणी ओता. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी शोषून धरते, म्हणून खाली सत्तरेक मिली उतरतं. वीस मिनिटं लागतात, घाई करू नये. एवढ्यात दोन पेले होतात. दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं डिकॉक्शन सकाळच्या कॉफीला ठेवा. कॉकटेलमध्ये ते फिकं पडतं आणि नुसता कडूपणा उरतो. दिल्लीचं बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार कॉफीचा आंबटसर तजेला मारून टाकतात, तेव्हा कॉफीला आणि बर्फाला दोन्हीकडे फिल्टरचंच पाणी वापरावं.

पूड कोणती? आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी असते, आणि शुद्धतावादी मंडळी तिच्या नावाने नाक मुरडतात. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावीच लागते. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचून घ्यावं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून भाजलेलं. त्यातल्या इन्युलिनची भाजताना जळक्या साखरेसारखी चव होते आणि डिकॉक्शनला दाटपणा येतो. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. रात्री दहाला पिण्याच्या पेयात हा दोष नसून सोय आहे. माझं मत विचाराल तर रमबरोबर ८०:२० मिश्रण घ्यावं आणि व्होडकाबरोबर शुद्ध कॉफी. व्होडकाला स्वतःची चव जवळपास नसते, तिथे चिकोरीचा गोडसर करपटपणा एकटाच पुढे येऊन बसतो.

बियांत म्हणाल तर अरेबिकापेक्षा रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असतं. ती कडूही जास्त, पण फेस चांगला धरते. भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचाच. क्रीम घालायचं असेल तर मॉन्सून्ड मलबार शोधावी. या बिया पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या दमट वाऱ्यात पसरून फुगवतात, त्यामुळे त्यांचा आंबटपणा उतरतो. महाराष्ट्रात कॉफी होते का, असं लोक विचारतात. होते, अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला. फार नाही, पण होते. कुणी तिकडून येत असेल तर पाव किलो मागवायला लाजू नये.

मद्याच्या बाजूला दिल्लीकरांचं नशीब चांगलं आहे. यमुना ओलांडून गाझियाबादेत गेलं की मोहननगर लागतं, मोहन मीकिन कंपनीची वसाहत. ओल्ड मंक ही त्याच कंपनीची रम, १९५४ साली बाजारात आलेली, ४२.८ टक्के तीव्रतेची. तिच्या प्रेमात पडलेल्या मंडळींच्या आठवणी खूप झाल्या, त्या सोडून देऊ. कॉफीशी तिचं का जमतं ते पाहू. रम उसाच्या मळीपासून होते आणि लाकडी पिंपात मुरते. त्या लाकडातून व्हॅनिलिन आणि ग्वायाकॉल ही सुगंधी द्रव्यं मद्यात उतरतात. कॉफीचं बी भाजताना हीच दोन्ही द्रव्यं त्याच्यातही तयार होतात. एक व्हॅनिलाची गोडी देतं, दुसरं धुराची छटा. पेल्यात दोघं एकत्र आली की कुणाचं काय ते वेगळं काढता येत नाही. व्होडकाचं असं नातं नसतं. ती कॉफीला फक्त वाट करून देते.

म्हणून पहिलं काम घरचं कॉफी लिकर. मेक्सिकोत १९३६ पासून बनणाऱ्या कालुआची बाटली विकत मिळते, पण तिची किंमत पाहता घरीच केलेलं बरं. शिवाय गोडी आपल्या हातात राहते. ३७५ मिली रम, म्हणजे दिल्लीतला अद्धा, काचेच्या बरणीत ओता. त्यात ४० ग्रॅम कॉफी जाडसर दळून घाला, साबुदाण्याएवढी जाड. बारीक पूड घातली तर गाळताना जीव जाईल. बरणी बंद करून अंधाऱ्या कपाटात १८ ते २४ तास ठेवा. यापुढे नेऊ नये. मद्य कॉफीतली कडू द्रव्यं पाण्याहून जोमाने ओढतं आणि दोन दिवसांनी चव काढ्याची होते. आधी साध्या गाळणीतून आणि मग ओल्या मलमलीतून गाळा, पिळू नका. साधारण ३१५ मिली हाती लागेल. दीडशे ग्रॅम साखर १२० मिली पाण्यात विरघळवून, पाक पूर्ण गार करून त्यात मिसळा. गरम पाक घातला तर मद्याचा वास उडून जातो. हिशेब केला तर हे लिकर पंचवीस टक्क्यांच्या आसपास भरतं, बाजारातल्याहून थोडं कडक. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह होईल; कोल्हापुरी गुळाची चव यात उत्तम लागते, फक्त पाक गाळून घ्यावा आणि असं लिकर गरम दुधात घालू नये, फाटण्याची भीती असते.

आता ब्रॅडसेलचं पेय आपल्या ओट्यावर. ४५ मिली व्होडका किंवा रम, ३० मिली डिकॉक्शन, २० मिली घरचं लिकर, आणि लागलाच तर चमचाभर पाक. डिकॉक्शन गार झालेलं असलं पाहिजे, यात तडजोड नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता पेयातून खेचली जाते आणि म्हणूनच पेय गार होतं. कॉफी गरम ओतली तर बर्फाचा अर्धा जोर तिलाच निववण्यात जातो, आणि पेल्यात येतं ते पाणी. बारमध्ये ताजी एस्प्रेसो गरमच ओततात हे खरं, पण त्यांच्याकडे बर्फ ढिगाने असतो आणि हाताला सवय असते.

शेकर नसला तरी अडत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाची स्टीलची बरणी किंवा जुन्या लोणच्याची रुंद तोंडाची बाटली चालते, वास पुरता गेलेला असला म्हणजे झालं. दोन-तृतीयांश बर्फ भरा, मोठे खडे घ्या, पेय ओता, झाकण आवळा आणि खांद्यापासून हात हलवा. मनगटाने डुचमळवणं म्हणजे हलवणं नव्हे. सुरुवातीला खडे भांड्यावर स्वच्छ आपटतात. पाच-सहा सेकंदांत कडा झिजतात आणि आवाज बोदा होतो. दहाव्या सेकंदाच्या सुमारास स्टीलवर बाहेरून पांढरं दव धरतं आणि बोटं चिकटायला लागतात. मद्यामुळे गोठणबिंदू खाली गेलेला असतो, म्हणून पेय शून्याच्याही खाली उतरतं आणि तरी पातळच राहतं. बारा ते पंधरा सेकंद पुरेत. मग एका दमात, थोड्या उंचीवरून, गाळणीतून पेल्यात. आधी सगळं बदामी आणि धूसर दिसतं; अर्ध्या मिनिटात खालून काळा रंग चढत जातो आणि वर बोटाच्या पेराएवढा फेस वेगळा होतो.

निदान व्हावा तरी. फिल्टर कॉफीची खरी कमजोरी इथेच आहे. यंत्रातली एस्प्रेसो दाबाखाली निघते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पसरलेले असतात. फिल्टरमधून कॉफी नुसती ठिबकते. वायू वीस मिनिटांत निघून जातो आणि वर तरंगणारं तेल उलट फेस मोडतं. यावर तोड दिल्लीच्याच घरात आहे. इथे इन्स्टंट कॉफी, साखर आणि थेंबभर पाणी चमच्याने फेटून फेटून पांढरी करतात आणि त्यावर गरम दूध ओततात. लग्नाच्या मांडवात त्यालाच खुशाल एस्प्रेसो म्हणतात. इन्स्टंट कॉफीत ज्या शर्करासाखळ्या आणि भाजणीतून आलेले तपकिरी रेणू दाटलेले असतात, ते हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. शेकरमध्ये अर्धा चमचा इन्स्टंट टाका, फेस उभा राहतो. जाणकार पाहुणा विचारील तर सांगू नका. वर कॉफीच्या तीन बिया ठेवण्याची प्रथा आहे, ती पाळली नाही तरी काही बिघडत नाही.

थंडीत मात्र लोकांना गरम हवं असतं. आयरिश कॉफी आयर्लंडमधल्या फॉइन्सच्या सागरी विमानतळावर जो शेरीडन या बल्लवाने १९४०च्या दशकात थंडीने काकडलेल्या प्रवाशांसाठी केली. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्यूना विस्टा कॅफेत तिची नक्कल करायला घेतली तेव्हा क्रीम सारखं बुडायचं. शेवटी जॉर्ज ख्रिस्तोफर या डेअरीमालकाची मदत घ्यावी लागली, असं तिथे सांगतात. हाच गृहस्थ पुढे त्या शहराचा महापौर झाला. क्रीम तरंगायचं तर दोन गोष्टी जमाव्या लागतात. कॉफीत साखर विरघळलेली हवी, कारण त्याने तिची घनता वाढते. आणि क्रीम अर्धवट फेटलेलं हवं, चमच्यावरून ओघळेल इतपत सैल. बाजारातल्या डब्यातलं २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम नीट फेटलं जात नाही. त्यात घरच्या दुधाची जाड, गार साय मिसळून गाळून घेतली की काम भागतं. मद्य म्हणून गोव्यात कुंकळ्ळीला होणारी पॉल जॉन व्हिस्की वापरून पाहण्यासारखी आहे. गोव्याचंच घ्यायचं म्हणून काजूची फेणी घालाल तर सावध. तिचा वास कॉफीपुढे माघार घेत नाही आणि दोघांची भांडणं पिणाऱ्याला ऐकावी लागतात. नारळाची फेणी आणि नारळाचं दूध मात्र जमून जातं.

आणि आपली जायफळाची कॉफी. दीडशे मिली ताजं दूध, चमचाभर साखर, ३० मिली डिकॉक्शन. दूध वाफाळलं की गॅस बंद करायचा, डिकॉक्शन घालायचं, मिनिटभर थांबायचं आणि मगच ३० मिली रम. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. उकळत्या दुधात ओतलं तर ते नाकात जातं, पेल्यात राहत नाही. रमने दूध फाटेल ही भीती सगळ्यांना असते, पण दूध ताजं असेल तर ती निराधार आहे. संकलन केंद्रावर दुधाची पारख करताना त्यात बरोबरीने अल्कोहोल मिसळून पाहतात. आंबू लागलेलं दूध लगेच फाटतं, चांगलं तसंच राहतं. आपल्या पेल्यात तर अल्कोहोल सहा-सात टक्क्यांवर येतं. जायफळ शेवटी, पेल्यावरच किसायचं, किसणीचे दोन-तीन फटके. आधी किसून ठेवलेल्या पुडीत सुगंधी तेल उरलेलं नसतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांसाठी कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद अशा जायफळाच्या जाती काढल्या आहेत. सिंधुदुर्गाकडचं कुणी सदनात उतरलं असेल तर फळं मागवून घ्यावीत. जायफळ जास्त झालं तर नुसतं कडू लागत नाही, बाधतंही. चिमटीत मावेल त्याहून जास्त नको.

कॉफीने चढलेली उतरते हा समज पक्का रुतलेला आहे आणि तो खोटा आहे. कॅफिनमुळे झोप उडते, पण रक्तातलं अल्कोहोल तेवढंच राहतं. माणसाला आपण ठीक आहोत असं वाटतं आणि तो गाडीची किल्ली मागतो. याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली कॅफिन घातलेली तयार मद्यपेयं विकणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती. शरीरातलं अर्धं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेला पेला पहाटे तीनलाही अर्धा जागा असतो, तेव्हा माणशी एकच द्यावा आणि लहान द्यावा.

कायद्याचंही बघून ठेवावं. दिल्लीत पिण्याचं वय २५ आहे, नाटकवाल्या पोरांना घरी बोलावताना हे लक्षात असू द्या. घरात प्रत्येक २५ वर्षांवरील माणसामागे व्हिस्की-रम-व्होडका-जिन ९ लिटर आणि बिअर-वाइन १८ लिटर एवढी मुभा आहे. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे १३२ बाटल्या सापडलेल्या एका घराचं प्रकरण आलं होतं. एकत्र कुटुंब होतं, सहा जण २५च्या वरचे. साठा मर्यादेत बसला आणि गुन्हा रद्द झाला. हीच बाटली महाराष्ट्रात नेली की १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो, आणि बऱ्याच पिणाऱ्यांना तो असतो हेच ठाऊक नसतं. मिसळणं आणि मुरवणं इथवर ठीक. घरी दारू गाळणं दोन्हीकडे गुन्हा आहे.

उरलेल्या लिकरच्या बाटलीवर तारीख आणि नाव लिहून ठेवा, कारण रंगाने ते हुबेहूब काकवीसारखं दिसतं. साखर आणि रम दोन्ही असल्यामुळे ते कपाटात काही महिने टिकतं, फक्त कॉफीचा वरचा वास हळूहळू बसतो. डिकॉक्शन मात्र फ्रिजमध्ये घट्ट झाकून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी संपवावं. त्यानंतर त्याला पुठ्ठ्याची चव येते.